हायब्रिड पद्धतीत कर्मचाऱ्यांना आधार कसा द्यायचा: धोरणापासून रोजच्या कामापर्यंत

हायब्रिड कामाचं, म्हणजे काही दिवस ऑफिसातून आणि काही दिवस घरून करायच्या कामाचं, धोरण लिहायला बसलं की बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न एकच असतो: आठवड्यातले किती दिवस ऑफिसला यायचं? त्यावर बराच खल होतो, एक आकडा ठरतो, सगळ्यांना ईमेल जाते आणि धोरण झालं असं समजलं जातं. पण नुसता आकडा ठरल्याने कोणाचंच काम सोपं होत नाही. सगळे एका छताखाली असताना कितीतरी गोष्टी न ठरवता होऊन जातात. नव्या माणसाची अडचण शेजारच्याच्या कानावर पडते, चालता चालता अर्धा निर्णय होतो, कोणी आठवडाभर गप्प गप्प आहे हे वरिष्ठांच्या लक्षात येतं. लोक दोन ठिकाणी विभागले गेले की यातलं काहीच आपोआप होत नाही. ते कोणीतरी मुद्दाम घडवून आणावं लागतं, आणि ही जबाबदारी संस्थेची आहे. टीम चालवणाऱ्या आणि एचआर (मनुष्यबळ विभाग) सांभाळणाऱ्या लोकांनी ती कशी पार पाडावी, ते पुढे क्रमाने मांडलं आहे.

हे नीट केलं तर फायदा होतो, याला चांगला पुरावा आहे. ट्रिप डॉट कॉम या प्रवास-सेवा कंपनीने २०२१-२२ मध्ये चीनमधल्या आपल्या १,६१२ कर्मचाऱ्यांवर प्रयोग केला. जन्मतारीख सम की विषम, यावरून दोन गट पाडले. एका गटाला बुधवारी आणि शुक्रवारी घरून काम करायची मुभा दिली, दुसरा गट पाचही दिवस ऑफिसात. अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात याचे निष्कर्ष मांडले. घरून काम करायची मुभा असलेल्या गटात नोकरी सोडण्याचं प्रमाण एक तृतीयांशाने कमी झालं, आणि पुढच्या दोन वर्षांतल्या ॲप्रेझलमध्ये (कामगिरीच्या मूल्यमापनात) किंवा बढत्यांमध्ये दोन्ही गटांत फरक दिसला नाही. त्यातली आणखी एक नोंद मला फार महत्त्वाची वाटते. प्रयोगाआधी मॅनेजरांचा अंदाज होता की उत्पादकता सरासरी २.६ टक्क्यांनी घसरेल. प्रयोग संपल्यावर त्यांचाच अंदाज १ टक्का वाढीवर आला. शंका घेणाऱ्या मॅनेजरशी वाद घालत बसण्यापेक्षा, नीट आखलेला प्रयोग त्याला स्वतः चालवू द्यावा.

पायरी १: आधी कामांची वर्गवारी करा

दिवस ठरवण्याआधी टीममधल्या प्रत्येकाला दोन आठवडे एक साधी नोंद ठेवायला सांगा: आज कोणकोणती कामं केली, आणि त्यातल्या कोणत्या कामाला शांतता लागली, कोणत्याला समोरासमोर बसणं लागलं, कोणतं कुठूनही झालं असतं. नोंदी एकत्र केल्या की चित्र बहुधा अपेक्षेपेक्षा वेगळं निघतं. हिशेब तपासणं, मसुदा लिहिणं, कोड लिहिणं यांना लागते शांतता. एखाद्या नव्या कामाची सुरुवात, मतभेद मिटवणं, कोणाला अवघड बातमी सांगणं, नव्या माणसाला काम शिकवणं ही समोरासमोर करायची कामं. साप्ताहिक आढावा कुठूनही होतो, आणि बऱ्याचदा तो मीटिंगशिवायही होतो.

हे करताना ज्यांचं काम जागेवरच होतं त्यांना विसरू नका. स्वागतकक्ष, प्रयोगशाळा, गोदाम, यंत्रांची देखभाल सांभाळणाऱ्यांना हायब्रिडचा पर्याय नसतो. तुमच्या घोषणेत त्यांच्यासाठी एक ओळही नसेल तर संस्थेत दोन वर्ग तयार होतात, आणि ती कटुता नंतर सहज मिटत नाही. पाळ्या आपसात बदलण्याची सोय, वेळापत्रक बरंच आधी कळणं, कागदपत्रांच्या कामासाठी महिन्यातून एखादा दिवस घरून, असं काहीतरी त्यांनाही देता येतं.

पायरी २: दिवस टीमने मिळून ठरवावेत

प्रत्येकाने आपापल्या सोयीने यावं, हे ऐकायला उदार वाटतं. प्रत्यक्षात एक जण सोमवारी येतो, दुसरी बुधवारी, आणि दोघंही आपापल्या दिवशी ऑफिसात बसून कानाला हेडफोन लावून घरी असलेल्या दुसऱ्याशी व्हिडिओ कॉलवर बोलतात. प्रवासात वेळ गेला तो गेलाच, वर भेटही नाही. म्हणून किमान एक दिवस, शक्यतो दोन, पूर्ण टीमने एकत्र यायचे ठेवा, आणि समोरासमोरची कामं त्याच दिवसांवर टाका. त्या दिवशी कोणी चार तास एकट्याने तक्ते भरत बसलेलं दिसलं तर नियोजन चुकलं आहे असं समजा.

संस्थेने चौकट द्यावी: कमीत कमी किती दिवस, कोणत्या भूमिकांना कोणती सूट. त्या चौकटीत वार कोणते हे टीमवर सोडा. ज्या दोन टीम सतत एकमेकांवर अवलंबून असतात त्यांचा महिन्यातून निदान एक दिवस जुळवून घ्या. मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतल्या ६१,१८२ कर्मचाऱ्यांच्या २०२० च्या पहिल्या सहा महिन्यांतल्या संपर्काचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळे घरी गेल्यावर लोकांचा संपर्क आपापल्या गटापुरता आकसला आणि वेगवेगळ्या गटांना जोडणारे दुवे कमी झाले, असं त्यात दिसलं. टीममधलं बोलणं कसंही टिकतं. दुसऱ्या विभागातल्या माणसाशी असलेली ओळख मात्र हळूहळू विरते, आणि ती विरल्याचं कोणाच्या लक्षातही येत नाही.

अपवाद लागणारच: आजारी पालक, लहान मूल, गरोदरपण, अपंगत्व, लांबचा प्रवास. त्यासाठी अर्ज कसा करायचा, कोण निर्णय घेणार, किती दिवसांत उत्तर मिळणार आणि नकार दिल्यास कारण लेखी मिळणार की नाही, हे धोरणातच लिहा. ब्रिटनमध्ये ६ एप्रिल २०२४ पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासूनच लवचीक कामाची मागणी करता येते. तुमच्याकडे असा कायदा असो वा नसो, मागणी करण्याची वाट सगळ्यांना सारखी माहीत हवी. नाहीतर मॅनेजरशी ज्याचं पटतं त्याला सवलत मिळते आणि बाकीचे विचारायलाच कचरतात.

पायरी ३: टीमचा करार एका पानावर लिहून काढा

माझ्या मते सगळ्यात जास्त फळ देणारी पायरी हीच. संस्थेचं धोरण कितीही चांगलं असलं तरी रोजचे खटके छोट्या गोष्टींवरून उडतात: “मी मेसेज केला, तीन तास उत्तर नाही.” “मला कोणी सांगितलंच नाही.” हे अपेक्षांचे घोळ आहेत, आणि अपेक्षा लिहून ठेवल्या की यातले बरेचसे संपतात. करार साधारण असा असावा:

“मंगळवारी आणि गुरुवारी आम्ही सगळे ऑफिसात. रोज ११ ते ४ या वेळेत प्रत्येक जण उपलब्ध, बाकीचे तास आपापल्या सोयीने. सकाळच्या पहिल्या दोन तासांत मीटिंग ठेवायची नाही. चॅटवरच्या प्रश्नाला त्याच दिवशी उत्तर, ईमेलला दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत. काम खरोखर अडलं असेल तरच फोन, आणि फोन आला तर तो तातडीचा समजून उचलायचा. निर्णय कुठेही झाला, तरी निर्णयांच्या फाइलमध्ये नोंद होईपर्यंत तो पक्का धरायचा नाही.”

शेवटच्या वाक्यावर अडून राहा. निर्णयांची फाइल म्हणजे सगळ्यांना उघडता येईल असं एकच कागदपत्र, तारखेनुसार. नोंद तीन-चार ओळींची पुरते: “१२ तारीख. अहवालाचा जुना नमुना महिनाअखेरपर्यंत चालू ठेवायचा. कारण: दोन ग्राहकांनी अजून नवी प्रणाली घेतलेली नाही. पुन्हा विचार: पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी.” कारण लिहायला टाळाटाळ होते, पण घरी बसलेल्या माणसाला सगळ्यात जास्त उपयोग त्याच ओळीचा असतो. काय ठरलं ते त्याला कोणीतरी सांगतंच. का ठरलं, ते खोलीत बसलेल्यांनाच माहीत असतं.

हा करार मॅनेजरने एकट्याने लिहून पाठवू नये. टीमने एकत्र बसून तासाभरात लिहावा, सहा आठवडे वापरावा आणि मग दुरुस्त करावा.

पायरी ४: अर्धे खोलीत, अर्धे पडद्यावर अशा मीटिंगची शिस्त

अशी मीटिंग जवळून बघा. टेबलाभोवती सहा जण, समोरच्या पडद्यावर दोघी. खोलीतला एकमेव मायक्रोफोन टेबलाच्या एका टोकाला. दुसऱ्या टोकाचा माणूस बोलला की पडद्यावरच्या दोघींना नुसती कुजबुज ऐकू येते. मधेच कोणीतरी उठून फळ्यावर आकृती काढतो. कॅमेरा फळ्याकडे नाही. पडद्यावरची एक जण बोलायला तोंड उघडते, तेवढ्यात खोलीत दुसरा बोलायला लागतो आणि ती आवाज बंद करून गप्प बसते. मीटिंग संपते, कॉल कापला जातो, आणि दाराशी उभं राहून तिघं जण खरा निर्णय घेतात. दुसऱ्या दिवशी त्या दोघींना तो निर्णय कळतो. कोणाच्याही मनात त्यांना डावलायचं नव्हतं, तरी त्या डावलल्या गेल्या.

याला उपाय आहेत. पडद्यावर एकही जण असेल तर महत्त्वाच्या चर्चेत खोलीतल्यांनीही आपापला लॅपटॉप उघडून कॉलमध्ये यावं, म्हणजे सगळ्यांचे चेहरे आणि नावं सारखी दिसतात. आवाज मात्र खोलीतल्या एकाच यंत्रातून घ्यावा, नाहीतर घुमतो. आकृती भिंतीवरच्या फळ्याऐवजी सगळ्यांना दिसेल अशा डिजिटल फळ्यावर काढावी. एका व्यक्तीला फक्त पडद्यावरच्या लोकांकडे लक्ष ठेवण्याचं काम द्यावं: कोणी हात वर केला, कोणी चॅटमध्ये काही लिहिलं, ते तिने मोठ्याने सांगायचं. प्रत्येक मुद्द्यावर आधी पडद्यावरच्यांना बोलू द्यावं. आणि कॉल कापल्यावर कामाबद्दल बोलणं झालंच, तर ते लगेच चॅटवर टाकावं.

कॅमेरा चालू ठेवण्याची सक्ती करू नका. स्टॅनफर्ड विद्यापीठातले संशोधक जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलने येणाऱ्या थकव्याची चार कारणं मांडली: सतत अगदी जवळून डोळ्यांत डोळे घालून बघितल्यासारखं वाटणं, स्वतःचा चेहरा सारखा दिसत राहणं, एका जागी खिळून बसणं, आणि हावभाव समजून घ्यायला मेंदूला पडणारा जास्तीचा ताण. स्वतःचा चेहरा लपवण्याची सोय बहुतेक ॲपमध्ये असते, ती लोकांना दाखवून द्या. आणि ज्याच्या घरी स्वतंत्र खोली नाही, त्याला रोज आपलं घर सहकाऱ्यांपुढे उघडं करायला लावणं योग्य नाही.

पायरी ५: घरची बैठक, उपकरणं, सुरक्षितता

लॅपटॉप दिला म्हणजे झालं, असं नाही. लॅपटॉपचा पडदा आणि कीबोर्ड जोडलेले असल्यामुळे एक तर मान वाकते, नाहीतर खांदे वर येतात. वेगळा कीबोर्ड, माउस आणि लॅपटॉप उंच ठेवायचं स्टँड ही किमान गरज आहे. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीवर, अंतर साधारण हातभर, कोपर काटकोनात, पाय जमिनीवर टेकलेले. दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांपलीकडे बघायची सवय डोळ्यांना आराम देते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने फेब्रुवारी २०२२ मध्ये घरून कामाच्या आरोग्याबद्दल जी टिपण प्रसिद्ध केली, तिच्यातही उपकरणांची सोय आणि बैठकीची तपासणी हा नियोक्त्याच्या कामाचा भाग मानला आहे.

खर्च कोण देणार, वस्तू कोणाच्या मालकीच्या, नोकरी सोडताना काय परत करायचं, हे लेखी असू द्या. “बिलं आणा, मग बघू” या पद्धतीत ज्याच्याकडे आधी पैसे टाकायची ऐपत नाही तो मागेच राहतो. शक्य असेल तर वस्तू थेट घरी पाठवा. घरी शांत जागा नसणाऱ्याला आठवड्यातल्या कोणत्याही दिवशी ऑफिसात टेबल मिळेल याची हमी द्या, आणि त्याला कारण विचारू नका.

सुरक्षिततेच्या नियमांबद्दल थोडक्यात: कामासाठी संस्थेचाच लॅपटॉप, लॉगिनला दुहेरी पडताळणी (पासवर्डखेरीज ओळखीचा आणखी एक पुरावा), व्हीपीएन (संस्थेच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी), आणि घरातल्या कोणालाही तो लॅपटॉप वापरायला न देणं. संशयास्पद ईमेलवर चुकून क्लिक झालं तर कोणाला फोन करायचा तो क्रमांक प्रत्येकाकडे हवा, आणि लगेच सांगणाऱ्याला ओरडा बसणार नाही हे वरिष्ठांनी स्पष्ट बोलून दाखवायला हवं. घरी एकट्या बसलेल्या माणसाला भीती वाटली की तो गोष्ट दडवतो.

पायरी ६: मॅनेजरला तयार करा, ॲप्रेझल तपासा

हायब्रिड टिकणार की कोसळणार, हे मधल्या फळीवर ठरतं, आणि त्याच फळीला सगळ्यात कमी प्रशिक्षण मिळतं. डोळ्यांसमोर असलेल्या माणसाचं काम जोखायची सवय असलेल्या मॅनेजरला आता ठरवावं लागतं की काम झालं म्हणजे नेमकं काय झालं. त्याने प्रत्येकाशी आठवड्यातून एकदा, अर्धा तास का होईना, दोघांतच बोलावं, आणि हा वेळ रद्द होता कामा नये. “सगळं ठीक?” याला उत्तर “हो” असंच येतं. त्याऐवजी विचारावं: या आठवड्यात कुठे अडलं? कोणाच्या उत्तराची वाट बघतो आहेस? तुला उशिरा कळलेली एखादी गोष्ट कोणती?

कळफलक किती वेळा दाबला, पडद्याचा फोटो, माउस हलतो की नाही, असली पाळत ठेवणारी सॉफ्टवेअर घेऊ नका. त्यातून हालचाल मोजली जाते, काम नाही. शिवाय प्रामाणिक माणूस दुखावतो तो वेगळाच.

आता ॲप्रेझल. समोर दिसतो तो मेहनती, हा ग्रह आपल्या सगळ्यांच्या मनात असतो. सीट्रिप, म्हणजे आजची ट्रिप डॉट कॉम, या कंपनीनेच २०१०-११ मध्ये कॉल सेंटरमध्ये नऊ महिन्यांचा आधीचा प्रयोग केला होता. तेव्हा आठवड्यातले चार दिवस घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली, नोकरी सोडण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं, पण तेवढ्याच कामगिरीच्या तुलनेत त्यांना बढती मिळण्याचं प्रमाण घटलं. नंतरच्या प्रयोगात, दोन दिवस घरी आणि तीन दिवस ऑफिसात असताना, बढत्यांवर परिणाम दिसला नाही. प्रमाण किती, यावर बरंच अवलंबून आहे असं यावरून मला वाटतं. तरी आपल्या संस्थेत काय चाललं आहे हे तपासल्याशिवाय राहू नका. वर्षातून एकदा एचआरने श्रेणी, पगारवाढ, बढती आणि महत्त्वाच्या प्रकल्पांवरच्या नेमणुका यांची यादी घ्यावी आणि जास्त दिवस घरून काम करणाऱ्यांची बाजू त्यात खाली तर नाही ना, ते बघावं. घरून काम जास्त करून कोण निवडतं? ज्यांच्यावर घरातल्या कोणाची देखभाल आहे ते, ज्यांना प्रवास झेपत नाही ते. फरक दिसला तर त्या श्रेणी पुन्हा उघडा आणि प्रत्येक मॅनेजरकडून कामाचा लेखी दाखला मागा.

पायरी ७: नवीन आलेल्यांसाठी वेगळी आखणी

अनुभवी माणसाला घर सोयीचं पडतं, कारण कोणाला काय विचारायचं हे त्याला ठाऊक असतं. नव्याला तेच ठाऊक नसतं. नतालिया इमॅन्युएल, एमा हॅरिंग्टन आणि अमांडा पॅलिस यांनी सॉफ्टवेअर इंजिनिअरांचा अभ्यास केला. सहकाऱ्यांच्या जवळ बसणाऱ्यांना आपल्या कोडवर जास्त अभिप्राय मिळत होता, आणि त्याचा सर्वाधिक लाभ कनिष्ठांना होत होता. किंमत मोजत होते ते वरिष्ठ. शिकवण्यात वेळ गेल्यामुळे त्यांचं स्वतःचं काम कमी होत होतं.

म्हणून पहिले दोन-तीन महिने नव्या माणसाचे ऑफिसातले दिवस जास्त ठेवा, पण त्या दिवशी त्याला शिकवणारा वरिष्ठही तिथे असायला हवा. रिकाम्या मजल्यावर नव्याला एकटं बसवून काही साधत नाही. वरिष्ठाच्या उद्दिष्टांमधून शिकवण्याचे तास अधिकृतपणे वजा करा. मॅनेजरखेरीज आणखी एक सोबती नेमून द्या, ज्याला “हे कुठे सापडतं?” असले प्रश्न संकोच न करता विचारता येतील. आणि घरच्या दिवशी रोज एक ठरावीक अर्धा तास दोघांनी कॉल नुसता चालू ठेवून आपापलं काम करावं. छोटे प्रश्न, ज्यांच्यासाठी कोणी मुद्दाम फोन करत नाही, ते या वेळात सुटतात.

पायरी ८: कामाची वेळ संपली हे संस्थेनेच म्हणावं

घरून काम करताना लॅपटॉप मिटायची वेळ कोणी सांगत नाही. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून किमान ५० कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाबाहेरच्या संपर्काबद्दल कर्मचाऱ्यांशी बोलणी करावी लागतात. ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४ पासून, आणि छोट्या उद्योगांत त्यानंतर एका वर्षाने, उत्तर नाकारणं अवाजवी ठरत नसेल तिथे वेळेबाहेरच्या संपर्काला उत्तर न देण्याचा हक्क मिळाला. कायदा नसला तरी हे करता येतं: रात्री लिहिलेली ईमेल सकाळी जाईल अशी वेळ लावून ठेवा. सुरुवात वरिष्ठांपासून व्हावी, कारण साहेबांच्या रात्री अकराच्या मेसेजखाली “उद्या बघितलं तरी चालेल” असं लिहिलेलं असलं तरी समोरचा तो लगेच उघडतो.

एकटेपणाकडे तितकंच गांभीर्याने बघा. सीट्रिपच्या त्या पहिल्या प्रयोगानंतर पुन्हा निवड करू दिली तेव्हा निम्म्याहून अधिक जणांनी घर की ऑफिस ही आपली निवड बदलली. घरी एकटं वाटतं, ही मोठी तक्रार होती. म्हणजे आज घर निवडलेल्या माणसाला सहा महिन्यांनी मत बदलायची मोकळीक हवी. कॅमेरा कायम बंद, चॅटवर एका शब्दाची उत्तरं, वेळेवर काम देणाऱ्याचा उशीर, ही लक्षणं दिसली तर मॅनेजरने फोन करावा, आणि त्या फोनवर आधी माणसाची चौकशी करावी. समुपदेशनाची सोय असेल तर ती गोपनीय आहे, मॅनेजरला कळणार नाही, हे पुन्हा पुन्हा सांगा.

पायरी ९: विचारा, मोजा, बदला

दर तीन महिन्यांनी पाच-सहा प्रश्न पुरेत, आणि उत्तरं निनावी. ऑफिसला आलेला शेवटचा दिवस सार्थकी लागला का? गेल्या महिन्यात एखादा निर्णय तुम्हाला उशिरा कळला का? अखंड दोन तास काम करायला मिळतात का? घरी कोणती वस्तू कमी पडते? तुमच्या मॅनेजरला तुमचं काम दिसतं असं वाटतं का? त्यासोबत संस्थेकडे असलेले आकडे ठेवा: किती जणांनी नोकरी सोडली, आजारपणाच्या रजा, मीटिंगचे तास, ऑफिसची टेबलं कोणत्या वारी भरतात. मंगळवारी बसायला जागा नाही आणि शुक्रवारी मजला ओस, असं असेल तर टीमचे वार बदलून बघा; जागा वाढवायचा विचार त्यानंतर.

नियम बदलायचाच असेल तर किमान दोन-तीन महिन्यांची सूचना द्या. लोकांनी घर, मुलांची शाळा, पालकांची देखभाल तुमच्या आधीच्या शब्दावर बेतलेली असते. आणि पाहणीची उत्तरं आल्यावर दोन आठवड्यांच्या आत सगळ्यांना एक पान पाठवा: काय बदलतो आहोत, काय बदलणं जमणार नाही, का जमणार नाही, आणि हा विषय पुन्हा कधी घेणार.